सिडनी हर्बर्ट रे

सिडनी हर्बर्ट रे (२८ मे १८५८ – १ जानेवारी १९३९) हे इंग्रज भाषाशास्त्रज्ञ होते. न्यू गिनी बेटावरील पापुई भाषा आणि मेलानेशियन भाषा यांतील भेद त्यांनी स्पष्ट केला. पेशाने ते लंडनच्या पूर्व भागातील एका शाळेत शिक्षक होते. भाषांचा अभ्यास ते शाळेचे काम सांभाळून करीत. मिशनऱ्यांनी जमवलेले शब्दसंग्रह आणि बायबलची स्थानिक भाषांतरे ही त्यांची सुरुवातीची साधने होती.

१८९२ मध्ये लंडन येथील नवव्या आंतरराष्ट्रीय प्राच्यविद्या परिषदेत त्यांनी ब्रिटिश न्यू गिनीच्या भाषांवर निबंध वाचला आणि हा भेद मांडला. मात्र पापुई हे एका कुळाचे नाव नव्हे. मेलानेशियन वर्गात न बसणाऱ्या भाषांना ते दिले गेले. त्या भाषांचे आपसांतील नाते ठरवण्याचे काम पुढे बाकीच राहिले.

१८९८ मध्ये ए. सी. हॅडन यांच्या नेतृत्वाखाली केंब्रिज विद्यापीठाची मानवशास्त्रीय मोहीम ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी यांमधील टोरेस सामुद्रधुनीत गेली. तिचे भाषातज्ज्ञ म्हणून रे यांना प्रथमच या भाषा बोलणाऱ्यांच्या तोंडून ऐकता आल्या. सामुद्रधुनीच्या पूर्वेकडील मेर आदी बेटांवर मेरियम भाषा चालते, पश्चिमेकडील माबुइयाग, साइबाई या बेटांवर दुसरी. दोन्ही बेटसमूहांत जुनी देवघेव असल्याने पुष्कळ शब्द समाईक आहेत. केवळ शब्दांच्या याद्या पाहणाऱ्यास या भगिनीभाषा वाटाव्यात. रे यांनी कौल दिला तो व्याकरणावरून. पश्चिमेकडील भाषेत ‘मी’साठी ‘ङाय’ असे रूप आहे आणि तत्सम रूपे ऑस्ट्रेलियाच्या अनेक भाषांत आढळतात. मेरियममध्ये त्या जागी ‘का’ येते. मेरियमच्या क्रियापदाला पुढे व मागे प्रत्यय लागतात. त्यामुळे पश्चिमेकडील भाषा त्यांनी ऑस्ट्रेलियन ठरवली, तर मेरियमला पापुई गटात ठेवले. उसने शब्द आणि वारशाने आलेली रचना यांची गल्लत न करण्याचे हे चांगले उदाहरण आहे.

हे निष्कर्ष १९०७ मध्ये मोहिमेच्या अहवालाच्या तिसऱ्या खंडात प्रसिद्ध झाले. मेलानेशियन बेटांच्या भाषांचा त्यांचा तौलनिक ग्रंथ १९२६ मध्ये निघाला.

पुढील संशोधकांनी मेरियमचे नाते समोरच्या न्यू गिनी किनाऱ्यावरील बिने, विपी व गिझरा या भाषांशी जोडले. चार भाषांच्या या लहान कुळास पूर्व ट्रान्स-फ्लाय म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत बोलली जाणारी मेरियम ही एकमेव पापुई भाषा आहे. पश्चिमेकडील भाषेच्या मिश्र शब्दसंग्रहावर मात्र अभ्यासकांत अजूनही चर्चा चालते.