कान्होपात्रेचे पाऊल

पंढरीच्या वाटेला लागलेल्या माणसाला नाच शिकवावा लागत नाही. टाळ वाजले, मृदंगावर थाप पडली, विणेकऱ्याने नामाचा गजर उचलला, की पाय आपोआप उचलतात. ज्याने जन्मात कधी लग्नाच्या मांडवातही पाऊल हलवले नाही, तो सत्तर वर्षांचा म्हाताराही पावलीत दोन पावले पुढे, दोन मागे होऊ लागतो. नाचणे हा आपल्या संप्रदायात शोभेचा भाग नाही, ते साधन आहे. मुखाने नाम, हाताने टाळ आणि पायाने ठेका. तिन्ही एका कामाला लागले, की मनाला भटकायला वाट उरत नाही. नामदेवराय कीर्तनात नाचत, म्हणून तर आपण आजही कीर्तनाचा रंग म्हटला की त्यांचेच नाव घेतो.

असे असूनही आमच्या हातून एकदा एक चूक घडली. ती सांगितल्याशिवाय पुढचे चरित्र सांगण्याचा आम्हांला अधिकार नाही.

आमचे तळेगाव (श्यामजी पंत) हे वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातले, नागपूर-अमरावती रस्त्यावरचे गाव. इकडून पंढरी पाचशे किलोमीटरांहून अधिक लांब. पण रुक्मिणीमातेचे माहेर कौंडण्यपूर आम्हांला जवळ, म्हणून पंढरीचे नाते आमच्या मुलखात माहेरच्या बाजूने लागते. एका एकादशीला कीर्तन चांगले रंगले होते. शेवटच्या गजराला पुरुषमंडळी पावली खेळू लागली. तेवढ्यात बायांच्या बाजूने एक तरणी सून उठली, तिने पदर खोचला आणि जागच्या जागी ठेका धरला. डोळे मिटलेले, चेहऱ्यावर वेगळेच तेज. चार जणांनी माना वळवल्या, कोणी हसले. आम्ही पुढे बसलो होतो. आम्ही तिला हाताने खूण केली की खाली बस. ती बसली. त्यानंतर ती कीर्तनाला आलीच नाही.

नाचणारी हा शब्द आपल्याकडे बाईसाठी शिवी म्हणून वापरतात. तो त्या दिवशी कोणी तोंडाने उच्चारला नाही, पण आमच्या हाताच्या खुणेत तोच होता. पुढे आषाढीला पंढरीस गेलो. दर्शन करून देवळात कान्होपात्रेच्या स्थानापाशी आलो आणि तिथे आमचे पाय थबकले. हात जोडले तर तोच हात आठवला, ज्याने खूण केली होती. ज्या मायबाईपुढे आपण माथा टेकतो, ती कोण होती? नाचणारीच ना!

तिचे चरित्र आपण सर्वांनी कीर्तनातून ऐकले आहे. तरी आज ते पुन्हा सांगावेसे वाटते, ते तिच्या पावलांच्या बाजूने.

कान्होपात्रा पंधराव्या शतकातली, मंगळवेढ्याची. पंढरीपासून मंगळवेढे सात-आठ कोसांवर. हे गाव लहान नव्हे. चोखोबाराय तिथलेच, आणि १३३८ साली तिथल्याच गावकुसाच्या कामावर कूस कोसळून त्यांचा देह पडला. दुष्काळात बादशाही कोठारे उघडून लोकांचे प्राण वाचविणारे दामाजीपंत तिथलेच. अशा गावात श्यामा नावाची एक गणिका होती. पैसा होता, वाडा होता, दासदासी होत्या. तिच्या पोटी कान्होपात्रा जन्मली. पोर रूपाने अशी की पाहणाऱ्याने पाहतच राहावे.

त्या घरची रीत ठरलेली होती. पोरीचे पाऊल स्थिर पडू लागले की तिच्या पायांत चाळ बांधायचे. गळा तयार करायचा, ताल अंगात मुरवायचा, नजर कुठे ठेवायची आणि कुठे वळवायची तेही शिकवायचे. कुणब्याचे पोर तिफणीमागे चालायला शिकते, तशी ही पोर तालात चालायला शिकली. विद्या मोठी होती, मेहनतीची होती. दोष विद्येत नव्हता. ती विद्या ज्या बाजारात मांडायची होती, तो बाजार वाईट होता. एकीने नाचायचे आणि दहांनी बघायचे, बघणाऱ्याच्या हाती थैली असायची, आणि नाच संपला तरी त्याचे मोल संपायचे नाही. देह तिचा, पण त्यावर सत्ता दुसऱ्याची. घरात सोने असून जिच्या हातात स्वतःचा हातही नाही, तिच्यासारखी दरिद्री कोण?

मुलगी वयात आली. आईच्या मनात आले की हे रूप राजदरबारी गेले पाहिजे, म्हणजे सात पिढ्यांचे कल्याण होईल. आईला आपण वाईट म्हणू नये. तिला जगण्याची एकच वाट ठाऊक होती आणि लेकीचे बरे व्हावे म्हणूनच ती तीच वाट दाखवीत होती. पण पोरीने सांगितले की माझ्या तोडीचा जो असेल त्यालाच मी वरीन, दुसऱ्या कोणापुढे जाणार नाही. लोकांना तो रूपाचा गर्व वाटला असेल. आम्हांला वाटते, तो गर्व नव्हता, तो पहिला नकार होता. जिच्या घरात नाही म्हणण्याची रीतच नव्हती, तिने नाही म्हटले. तिच्या साऱ्या पुढच्या भक्तीचे बी या एका शब्दात आहे.

आणि मग एक दिवस दारावरून दिंडी गेली. पताका होत्या, टाळ होते, अंगावर धूळ आणि तोंडात नाम. कान्होपात्रा उंबऱ्यात आली. टाळाचा ठेका तिच्या ओळखीचा होता, तिचे कान ताल बरोबर पकडीत. पण असला नाच तिने पाहिला नव्हता. इथे सगळेच नाचत होते, बघणारा कोणीच नव्हता. कोणाच्या हाती थैली नव्हती. म्हातारा नाचत होता, रांगडा नाचत होता, चुकीच्या पावलाला कोणी हसत नव्हते. तिने विचारले, तुम्ही कुठे निघालात, कोणापुढे असे नाचता? वारकऱ्यांनी पंढरीच्या सावळ्याचे वर्णन केले. त्याच्या रूपाला तोड नाही हे ऐकून तिला आपला जुना पण आठवला. तिने फक्त एकच शंका काढली, मी अशा कुळातली, मला तो पदरी घेईल काय? भाबड्या वारकऱ्यांनी तिला कुब्जेची गोष्ट सांगितली आणि म्हटले, का नाही घेणार? त्या अनाम वारकऱ्यांना आमचा साष्टांग दंडवत. त्यांनी तिची जात पुसली नाही, तिला शुद्ध होऊन ये म्हटले नाही. जर त्यांच्यापैकी एकाने त्या दिवशी हाताची खूण केली असती, तर आज कान्होपात्रा आपल्याला मिळाली नसती.

ती निघाली. घरचे ऐश्वर्य टाकले, दागिने उतरवले, खांद्यावर वीणा घेतली आणि नाम गात, नाचत दिंडीबरोबर पंढरीची वाट धरली. पाय तेच, ताल तोच, गळा तोच. जे शिकली होती त्यातले काहीच तिला टाकावे लागले नाही. टाकला तो फक्त बाजार. मैफलीत एक नाचते आणि अनेक बघतात. वाळवंटात सगळे नाचतात आणि एकच बघतो, तोही कमरेवर हात ठेवून. त्याला तिच्याकडून काही घ्यायचे नसते. म्हणून त्याच्यापुढे नाचताना तिचा देह प्रथमच तिचा स्वतःचा झाला, आणि जो आपला झाला तोच अर्पण करता येतो. परक्याची वस्तू देवाला वाहता येत नाही.

पंढरीत रूप पाहिले आणि तिचे मन तिथेच बसले. ती परत गेली नाही, महाद्वारी राहिली. इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मुक्ताबाईला ज्ञानोबा-निवृत्ती होते. जनाबाईला नामदेवरायांचे घर होते. सोयराबाईला चोखोबा होते. कान्होपात्रेला बाप नाही, भाऊ नाही, पती नाही, गुरूचे नाव नाही. कोणा संताचे बोट धरून ती आली नाही. ती आपल्या पायांनी आली. सकलसंतगाथेत तिचे २३ अभंग आहेत. ते वाचताना कळते की आपल्या कुळाची बोच तिला शेवटपर्यंत होती, तिने ती झाकली नाही, देवापुढे उघडी केली. जिला लोकांपुढे फक्त हसरा चेहरा दाखवायला शिकवले होते, तिने देवाला आपले रडणे दाखवले.

पण बाजार माणसाला सहजी सोडत नाही. तिच्या रूपाची कीर्ती बिदरच्या बादशहाच्या कानी गेली. मंगळवेढे त्याच्याच अमलाखाली. हुकूम सुटला की तिला घेऊन या, येत नसेल तर बळाने आणा. शिपाई देवळाच्या दारात येऊन उभे राहिले. दामाजीपंतांवर संकट आले तेव्हा विठोबा महाराचे रूप घेऊन बिदरला धावला होता, त्याने पैसे मोजून पावती आणली होती. आता कान्होपात्रेचे मोल कोणी मोजावे? तिला तर मोलच करून द्यायचे नव्हते. तिने शिपायांना विनवले की एकवार देवाला भेटून येते. ती आत गेली, पायांवर डोके ठेवले, धावा केला, आणि ते डोके पुन्हा वर उठले नाही. प्राण तिथेच विसावला. पुजाऱ्यांनी तिचा देह देवळाच्या दक्षिण बाजूला पुरला. तिथे तरटीचे झाड उगवले, आणि पिढ्यान्‌पिढ्या वारकरी त्यालाच कान्होपात्रा मानून नमस्कार करीत आले. पुढे बादशहा स्वतः आला आणि देवापुढे नमला, असे महिपतीबुवांनी १७६२ साली पुऱ्या झालेल्या भक्तविजयात सांगितले आहे.

महाद्वारी चोखोबांची समाधी आहे. गाव एकच, मंगळवेढे. एकाला देवळाबाहेर ठेवले, तो पायरीपाशी राहिला. दुसरी आत शिरली, ती आतच राहिली. चोखोबांच्या जातभाईंना आत जाण्यासाठी १९४७ सालापर्यंत थांबावे लागले आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. हे आठवले म्हणजे कान्होपात्रेचे आत असणे ही केवढी गोष्ट आहे ते कळते. पण त्यातच आपल्याला लाज वाटावी असेही एक आहे. देवाने तिला ठेवून घेतले हे खरे. पण तिला देहासकट देवापाशीच ठेवून घ्यावे लागले, कारण साऱ्या मुलखात तिला ठेवून घेईल असे माणसाचे एकही दार नव्हते. त्या दिवशी देवळात शेपन्नास माणसे तरी असतील. शिपायांच्या आड कोणी उभे राहिले नाही. आपण कथा ऐकून डोळे पुसतो. १९३१ साली गंधर्व नाटक मंडळीने ना. वि. कुलकर्णी यांचे कान्होपात्रेवरचे नाटक रंगभूमीवर आणले, बालगंधर्व स्वतः कान्होपात्रा झाले, आणि महाराष्ट्राने पुन्हा डोळे पुसले. डोळे पुसणे सोपे आहे. आपल्या गावातली एक जण गजरात उठली तर तिला जागा देणे कठीण आहे, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

पंढरीहून परतल्यावर आम्ही त्या सुनेच्या घरी गेलो. तिच्या सासूबाईंच्या देखत आम्ही आमची चूक कबूल केली आणि प्रसादाचा बुक्का तिच्या हाती दिला. ती काही बोलली नाही. तिने बुक्का कपाळाला लावला आणि चहा ठेवायला आत गेली. पुढच्या एकादशीला ती आली, पण भिंतीला टेकून बसून राहिली. गजर झाला तरी उठली नाही. त्याच्या पुढच्या एकादशीलाही नाही. मोडलेले पाऊल असे क्षणात जुळत नाही, आणि ते जुळावे म्हणून घाई करण्याचाही आम्हांला अधिकार नव्हता. कार्तिकी एकादशीच्या रात्री मात्र सासूबाईच आधी उठल्या. गुडघे दुखणाऱ्या त्या माउलीने सुनेचा हात धरला आणि दोघींनी एक फुगडी घातली. मग बायांच्या बाजूला एकेक करून सात-आठ जणी पावलीत उभ्या राहिल्या. आम्ही टाळ वाजवीत होतो. कोणी हसले की नाही ते आम्ही पाहिले नाही, कारण त्या वेळी आम्हीही डोळे मिटले होते.

तेव्हा मायमाउल्यांनो, दिंडीत, कीर्तनात, आपल्या गावच्या देवळात पाय उचलला तर उचलू द्या. तो लाजेचा विषय नाही. ज्या पावलाने जगाच्या बाजाराकडे पाठ फिरवली आणि विटेवरच्या पायांची वाट धरली, त्या पावलाचा तो वारसा आहे. आणि बाप्यांनो, तुम्हांला एवढेच सांगणे की हात टाळासाठी आहेत, खुणा करण्यासाठी नाहीत. पुढच्या वारीला देवळात गेलात म्हणजे दक्षिणेच्या बाजूला क्षणभर थांबा, त्या मायबाईला आठवा, आणि मगच पुढे व्हा.

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!