चुंबकसूची आणि विजेची ट्राम

‘क्षेत्र’ हा शब्द आमच्या सिंदेवाहीच्या विद्यार्थ्याला नवा नाही. धानाखालचे क्षेत्र, वनपरिक्षेत्र, तीर्थक्षेत्र हे त्याच्या नित्याच्या कानावरचे शब्द होत. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात मात्र गुरुत्वीय, विद्युत व चुंबकीय अशी तीन क्षेत्रे ओळीने आली की तो व्याख्या पाठ करून मोकळा होतो. कारण या क्षेत्रांना धुरा नाही आणि सातबाराही नाही. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक. त्याला ही कल्पना उमगली ती कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांच्या चरित्रामुळे.

मूस यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ चा. एल्फिन्स्टन कॉलेज व पुढे एडिंबरो विद्यापीठ येथे त्यांचे शिक्षण झाले. १८९६ साली वेधशाळेची सूत्रे त्यांच्या हाती आली. ही वेधशाळा १८२६ ची. तेथे चुंबकीय वेध १८४१ पासून घेतले जात. केरूनाना छत्रे यांनी तरुणपणी येथेच काम केले होते. अर्ध्या शतकाहून अधिक काळ जमलेले आकडे हे मूस यांच्याकडे आलेले खरे धन होय.

या आकड्यांवर संकट आले ते मुंबईच्या प्रगतीमुळेच. घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम येणार हे ठरले. आता ट्रामचा आणि वेधशाळेतील सुईचा काय संबंध, असे सामान्य माणूस विचारील. क्षेत्राची सारी कल्पना या प्रश्नाच्या उत्तरात आहे. वस्तुमानाभोवती गुरुत्वीय क्षेत्र असते, म्हणून दगड कोणी न ढकलता खाली येतो. विद्युतभाराभोवती विद्युत क्षेत्र असते. निरभ्र दिवशीही जमिनीलगत दर मीटरला सुमारे १०० व्होल्ट इतके ते आढळते आणि वादळी ढगाखाली फार वाढते. आणि विद्युतभार वाहू लागला, म्हणजे प्रवाह सुरू झाला, की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहते. ट्रामचा प्रवाह तारेतून येतो, रुळांवाटे परततो आणि काही अंशी जमिनीत झिरपतो. त्याचे क्षेत्र वेधशाळेच्या भिंतीपाशी थबकत नाही. शिवाय एका जागी आलेली चुंबकीय क्षेत्रे दिशेसह मिळवली जातात, आणि सुईला फक्त ती बेरीज कळते. त्यातला पृथ्वीचा वाटा किती व ट्रामचा किती, हे तिला सांगता येत नाही.

शहराची सोय अडवून धरणे शक्य नव्हते आणि, माझ्या मते, इष्टही नव्हते. मूस यांनी सुई हलवली. समुद्रापलीकडे सुमारे ३० किलोमीटरवर अलिबाग येथे लोहविरहित अशी नवी वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली. परंतु त्यांची खरी दूरदृष्टी पुढेच दिसते. कुलाबा त्यांनी लगेच बंद केले नाही. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेतले गेले. प्रत्येक जागेचे क्षेत्र निराळे असल्यामुळे जुन्या आकड्यांना नवे आकडे नुसते चिकटवून भागत नाही. किंमत निर्देशांकाचे आधारवर्ष बदलताना जुनी व नवी मालिका काही काळ समांतर असावी लागते, तोच हा न्याय. दोन वर्षांच्या या दुहेरी खर्चाचे फळ कोणत्याही ताळेबंदात दिसले नसते. आज एखाद्या अर्थखात्याने तो सुखासुखी मंजूर केला असता काय, याची मला शंका आहे.

७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. (३१ मार्च १९६४ रोजी ती बंदही झाली, अलिबागचे वेध आजही चालू आहेत.) १९१० साली मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी व त्यांचे विवेचन दोन भागांत प्रसिद्ध केले. चुंबकीय वादळे कशी उठतात व कशी ओसरतात, याच्या अभ्यासात या ग्रंथाचा आधार पुढे सतत घेतला गेला. १९१९ मध्ये ते निवृत्त झाले, १९३६ मध्ये निवर्तले.

त्यांच्या जन्माच्या अगोदरच्याच महिन्यात, सप्टेंबर १८५९ च्या आरंभी, सूर्यावरील उद्रेकामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले होते. त्या दिवशी कुलाब्याच्या सुईने क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट दाखवली होती. २००३ साली शास्त्रज्ञांनी ही नोंद पुन्हा बाहेर काढून अभ्यासली. तसे वादळ पुन्हा आले तर वीजवाहिन्यांचे व उपग्रहांचे काय होईल, याचा अंदाज बांधताना तिचा आधार आता घेतला जातो.