शाहू महाराज आणि दाजीपूरचे शिकारक्षेत्र
छत्रपती शाहू महाराज (जन्म : २६ जून १८७४, मृत्यू : ६ मे १९२२, मुंबई) हे १८९४ पासून अखेरपर्यंत कोल्हापूर संस्थानाचे राजे होते. मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवणाऱ्या १९०२ च्या आदेशामुळे ते समाजसुधारक म्हणून ओळखले जातात.

ते निष्णात शिकारीही होते. शिकवलेल्या चित्त्यांकरवी माळरानावरील काळविटांची शिकार करण्याची प्रथा कोल्हापुरात होती. देशी चित्ता दुर्मीळ झाल्यावर असे चित्ते आफ्रिकेतून आणले जात.

सह्याद्रीतील दाजीपूरचे जंगल हे राजघराण्याचे खासगी शिकारक्षेत्र होते. तेथील शिकारीचा हक्क राखीव असल्याने इतरांच्या शिकारीला आळा बसला आणि सांबर, भेकर व गवा यांना आसरा मिळाला. याच परिसरात भोगावती नदीवर महाराजांनी राधानगरी धरणाचे काम हाती घेतले.

भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले. दाजीपूरचे रान मात्र टिकले. १९५८ मध्ये तेथे गव्यांसाठी अभयारण्य स्थापन झाले. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य आकारास आले. राजाच्या शिकारीसाठी राखलेले जंगल अशा प्रकारे वन्यजीवांसाठी राखीव झाले.