लिओनार्दो दा विंची : पाहून शिकलेला माणूस

युरोपातील प्रबोधनकाळाविषयी आपण वाचू लागतो तेव्हा डोळ्यांपुढे प्रथम राजवाडे, चर्चचे घुमट आणि धनिकांचे दरबार उभे राहतात. त्या काळाचा सर्वांत परिचित कलावंत मात्र ज्या घरात वाढला, त्या घराचा कायदेशीर वारसदार नव्हता. लिओनार्दो दा विंचीचे चरित्र आम्ही येथे सांगत आहोत ते दोन कारणांसाठी. विद्येचा दरवाजा अर्धाच उघडा असताना माणूस शिकतो कसा, हे त्यात दिसते. आणि मिळवलेली विद्या इतरांपर्यंत पोहोचली नाही तर काय होते, हेही दिसते.

इटलीतील तत्कालीन फ्लॉरेन्स प्रजासत्ताकात विंची नावाचे लहान गाव होते. १५ एप्रिल १४५२ रोजी तेथे लिओनार्दोचा जन्म झाला. वडील पिएरो हे दस्तऐवज तयार करणारे नोटरी; आई कतेरिना. दोघांचा विवाह झालेला नव्हता आणि पुढेही झाला नाही. वडिलांनी बरोबरीच्या घरातील मुलीशी लग्न केले, आईचे लग्न दुसऱ्या पुरुषाशी लावून देण्यात आले. आजोबा अंतोनिओ यांनी नातवाच्या जन्माची नोंद स्वतःच्या हाताने लिहून ठेवली आणि त्याला घरात सांभाळले. मुलगा उपाशी राहिला नाही, हे खरे. परंतु नोटरींच्या व्यवसाय-श्रेणीत विवाहबाह्य संततीला प्रवेश नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला घरचा पेशा त्याच्यासाठी जन्मतःच बंद झाला. लॅटिन ही त्या काळी ज्ञानाची भाषा. तिचे रीतसर शिक्षणही त्याला मिळाले नाही.

किशोरवयात वडिलांनी त्याला फ्लॉरेन्समध्ये आंद्रेआ देल व्हेरोक्किओ या शिल्पकार-चित्रकाराच्या कार्यशाळेत ठेवले. अशा कार्यशाळेत मुले गुरूजवळ राहून शिकत. रंग वाटणे, चित्रासाठी लाकडी फळी घासून तयार करणे, मातीचे नमुने बनवणे, धातू ओतणे ही कामे करता करता हात आणि डोळा तयार होई. १४७१ मध्ये शहराच्या मुख्य चर्चच्या घुमटावर चढवलेला सोनेरी मुलाम्याचा तांब्याचा प्रचंड गोळा याच कार्यशाळेचे काम होते. तो वर कसा नेला, धातूचे तुकडे कसे जोडले, हे लिओनार्दो म्हातारपणापर्यंत विसरला नाही. १४७२ मध्ये चित्रकारांच्या संघाच्या वहीत त्याचे नाव आले. गुरूच्या ‘ख्रिस्ताचा बाप्तिस्मा’ या चित्रातील डावीकडचा देवदूत शिष्याच्या हातचा आहे, आणि तो पाहणाऱ्याला आजही वेगळा ओळखू येतो.

१४८२ च्या सुमारास तो मिलानला लुडोव्हिको स्फोर्झाच्या आश्रयास गेला. तेथील मठाच्या भोजनगृहातील भिंतीवर त्याने सुमारे १४९५ ते १४९८ या काळात ‘अंतिम भोजन’ हे चित्र काढले. आपल्यातीलच एक जण विश्वासघात करणार, हे ऐकताच बारा शिष्यांच्या चेहऱ्यांवर आणि हातांवर उमटलेला धक्का त्यात आहे. ओल्या गिलाव्यावर झटपट रंगवण्याची रूढ पद्धत सोडून त्याने कोरड्या भिंतीवर सावकाश काम केले. त्या पद्धतीची किंमत चित्राला मोजावी लागली. तो जिवंत असतानाच रंग सुटू लागले. याच मिलानमध्ये, चाळिशीच्या आसपास, तो लॅटिन शिकायला बसला. शब्दांच्या लांबच लांब याद्या त्याने वहीत उतरवल्या. गणित त्याने लुका पाचोली या विद्वानाकडून समजावून घेतले. पन्नाशी उलटल्यावर त्याने स्वतःच्या पुस्तकांची यादी केली, तेव्हा तीत ११६ पुस्तके होती.

मात्र त्याचे खरे पुस्तक म्हणजे डोळ्यांपुढचे जग. पाण्याचे भोवरे, पक्ष्यांचे पंख, खडकांचे थर, घोड्यांचे स्नायू यांचा तो रेखाटनांतून अभ्यास करी. १५०७-०८ च्या हिवाळ्यात फ्लॉरेन्सच्या रुग्णालयात एका अतिवृद्ध माणसाशी त्याने गप्पा मारल्या. काही वेळाने त्या वृद्धाने शांतपणे प्राण सोडला. असा सहज मृत्यू कशाने आला, हे शोधण्यासाठी लिओनार्दोने शवविच्छेदन केले आणि अरुंद, कठीण झालेल्या रक्तवाहिन्यांचे वर्णन लिहिले. हृदयाच्या झडपा कशा मिटतात हे समजावे म्हणून काचेचा साचा करून त्यातून पाणी सोडण्याची योजनाही त्याने आखली.

जन्माने लावलेली अट प्रौढपणीही त्याची पाठ सोडत नव्हती. १५०४ मध्ये वडील मृत्युपत्र न करता वारले. त्यांच्या मालमत्तेत या थोरल्या मुलाला वाटा मिळाला नाही. पुढे काकांनी आपली मिळकत त्याच्या नावे केली, तर सावत्र भावांनी त्यावर दावा लावला. याच वर्षांत तो ‘मोनालिसा’ रंगवीत होता. रेशमाच्या व्यापाऱ्याच्या पत्नीचे, लिसाचे, हे चित्र जेमतेम ७७ सेंटिमीटर उंच आहे. ते त्याने तिच्या घरी कधीच पोहोचते केले नाही. १५१६ मध्ये फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याच्या आमंत्रणावरून तो निघाला, तेव्हा ते सोबत नेले. तेथेच २ मे १५१९ रोजी त्याचा मृत्यू झाला.

त्याच्या हातची म्हणून सर्वमान्य असलेली चित्रे वीसही भरत नाहीत. वह्यांची पाने मात्र सात हजारांहून अधिक उरली आहेत, डाव्या हाताने उजवीकडून डावीकडे, आरशात वाचावी लागतील अशी लिहिलेली. त्यांतून ग्रंथ सिद्ध करण्याचे त्याच्या मनात होते. ते झाले नाही. पाचोलीच्या ग्रंथासाठी काढलेल्या आकृत्या १५०९ मध्ये छापल्या गेल्या, तेवढाच अपवाद. शिष्य फ्रांचेस्को मेल्झी याने वह्या जपल्या. त्याच्यामागे त्या विखुरल्या. १५४३ मध्ये वेसालियसने शरीररचनेचा आपला युगप्रवर्तक ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा लिओनार्दोची रेखाटने बंद दप्तरातच होती. त्यांचा मोठा भाग छापून बाहेर यायला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडली. त्याने जे पाहिले होते, ते इतरांना पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागले.

शाळेतून बाहेर पडून आपापल्या क्षेत्रात स्थिरावलेल्या वाचकांना आम्ही या वह्यांची आठवण करून देऊ इच्छितो. ज्याला दरवाजाबाहेर ठेवले गेले, त्याने निरीक्षणाने आणि कष्टाने विद्या मिळवली, हे लिओनार्दोचे मोठेपण. ती विद्या दप्तरात राहिली, हे जगाचे नुकसान. आपण जे शिकलो, ते मागून येणाऱ्या मुलाला वाचता येईल अशा अक्षरात लिहून ठेवणे, एवढे तर आपल्या हाती आहे.