साताऱ्याची पायपीट

दहावी-बारावीच्या निकालाचे दिवस जवळ आले, की घराघरांत एक अदृश्य ताण जाणवू लागतो. मुले अबोल होतात, आईवडील एकमेकांशी हळू आवाजात बोलतात आणि समुपदेशकांचे दूरध्वनी खणखणू लागतात. शहरांत व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांना तोटा नाही. सकारात्मक दृष्टिकोन हा शब्द तर आता शाळेच्या फलकावरही दिसतो. मात्र अपयश पदरी पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून नेमके काय करायचे, हे त्या शब्दातून उमगत नाही. त्यासाठी मुंबईत चर्चगेटहून जाणारा किंवा पुण्यात डेक्कनहून कोथरूडकडे जाणारा रस्ता ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्या महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या कुमारवयाकडे वळून पाहावे लागते. भारतरत्न, विद्यापीठाचे संस्थापक, शंभरी पार केलेले समाजसुधारक हे त्यांचे रूप सर्वांच्या परिचयाचे आहे. वयाच्या सतराव्या वर्षी परीक्षेच्या दारातून परत पाठवलेला मुलगा हे रूप तितकेसे परिचित नाही.

धोंडोपंतांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या आजोळच्या गावी झाला. बालपण गेले दापोली तालुक्यातील मुरूड या समुद्रकाठच्या गावात. कर्वे घराण्याचे पूर्वीचे वैभव ओसरले होते. वडील केशवपंत तुटपुंज्या पगारावर दूर गावी नोकरी करीत आणि आई काटकसरीने घर चालवी. मुलगा अंगाने किरकोळ आणि स्वभावाने विलक्षण बुजरा. चारचौघांत बोलण्याचा संकोच त्यांना पुढे अनेक वर्षे सतावत राहिला. आज एखादे मूल असे असेल, तर पालक काळजीत पडतात आणि त्याला वक्तृत्वाच्या वर्गाला घालतात.

मुरूडच्या शाळेतील सोमण गुरुजींनी वेगळा मार्ग धरला. गावच्या देवळात ग्रामस्थांना वृत्तपत्र वाचून दाखविण्याचे काम त्यांनी या विद्यार्थ्याकडे सोपविले. स्वतःचे मत मांडायचे नव्हते, केवळ छापलेले वाचायचे होते. वाचणाऱ्याला संकोच वाटावा असे त्यात काही नव्हते, तरी ऐकणारे मात्र सारे वडीलधारे होते. एका मुलाच्या अंगी धीर यावा, यासाठी गुरुजींनी केलेली ही योजना होती की गावाला जगाची माहिती व्हावी म्हणून केलेली सोय, हे सांगता येणार नाही. कदाचित दोन्हीही. गावासाठी काही करण्याची गोडी मात्र त्या मुलाला याच वयात लागली.

त्या काळी सहावी इयत्तेच्या सरकारी परीक्षेला मोठे महत्त्व होते. ती उत्तीर्ण झाल्याखेरीज शिक्षकाची वा कनिष्ठ सरकारी नोकरी मिळत नसे आणि तिला बसण्यासाठी सतरा वर्षे पूर्ण असावी लागत. १८७५ च्या सप्टेंबरमध्ये धोंडोपंत सतरा वर्षे पाच महिन्यांचे होते. पावसाळी समुद्रामुळे जलमार्गाने मुंबईस जाणे शक्य नव्हते. उरला सातारा. मुरूडहून साताऱ्याचे अंतर सुमारे ११० मैल, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटर. हाताशी दिवस अवघे चार. काही सोबत्यांसह, पाठीवर बोचके घेऊन, हा मुलगा पायी निघाला.

वाटेत मुसळधार पाऊस, निसरड्या पायवाटा, ओसंडून वाहणारे ओढे आणि पुढे सह्याद्रीचा कुंभार्ली घाट. आज त्या घाटातून मोटारीने जाताना धुके आणि धबधबे पाहून मन प्रसन्न होते. भर पावसात, वेळेत पोहोचण्याच्या चिंतेने आणि थकलेल्या पायांनी तो चढणाऱ्यांना सृष्टिसौंदर्य कितपत दिसले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. चौथ्या दिवशी मुले साताऱ्यास पोहोचली. दुसऱ्या दिवशी परीक्षा समितीपुढे उभे राहायचे होते.

समितीच्या प्रमुखांनी या किरकोळ मुलाकडे पाहिले. वयाचा दाखला समोर होता, पण चेहऱ्यावरून तो सतरा वर्षांचा वाटत नाही, असे त्यांचे मत पडले. परीक्षेस बसण्याची परवानगी नाकारण्यात आली. अभ्यासात उणीव नव्हती, कागदपत्रांत खोट नव्हती आणि दाद मागण्यासाठी कोणी नव्हते. आला तसा तो मुलगा परत निघाला.

येथे थोडे थांबायला हवे. कमी गुण मिळाले तर निदान अभ्यास कमी पडला, असे तरी मनाला समजावता येते. स्वतःची काहीही चूक नसताना, केवळ कोणाच्या तरी मनात आले म्हणून संधी हिरावली जाणे हा अनुभव त्याहून कडवट असतो. कुमारवयात तो अधिक खोल जातो, कारण जग न्यायी असते हा विश्वास त्या वयात नुकताच कुठे घट्ट होत असतो. या प्रसंगाने धोंडोपंतांना अतोनात दुःख झाले. त्यांनी ते लपविले नाही आणि उतारवयात आत्मचरित्र लिहितानाही त्याची धग विसरले नाहीत. आपल्या मुलांना आपण अनेकदा वाईट वाटून घेऊ नकोस असे सांगतो. या मुलाला वाईट वाटले, भरपूर वाटले आणि तरीही पुढच्या वर्षी तो त्याच परीक्षेसाठी कोल्हापूरला गेला. तेथे तो उत्तीर्ण झाला.

पुढचा प्रवासही सरळ नव्हता. इंग्रजी शिक्षणाला सुरुवात उशिरा झाली. रत्नागिरीच्या शाळेत गेले, तर आजारपणामुळे परतावे लागले. मग मुंबईत रॉबर्ट मनी शाळेतून १८८१ साली ते मॅट्रिक झाले. तेव्हा त्यांचे वय २३ होते आणि विवाह होऊन आठ वर्षे लोटली होती. आजच्या हिशेबाने ही सात वर्षांची पिछाडी. वर्गातील मुले आपल्याहून लहान आहेत, याची खंत करीत बसण्याइतकी सवड त्यांना नव्हती. शिकवण्या करून शिक्षणाचा खर्च भागवावा लागे. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ साली गणित घेऊन ते पदवीधर झाले. गोपाळ कृष्ण गोखले त्याच वर्षीचे पदवीधर. हीच ओळख पुढे कामी आली आणि १८९१ साली गोखल्यांच्या निमंत्रणावरून कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले.

त्याच वर्षी पत्नी राधाबाईंचे निधन झाले. पुनर्विवाह करायचा तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी मित्र नरहरपंत जोशी यांच्या विधवा भगिनी गोदूबाई यांच्याशी विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या या गोदूबाई पुढे आनंदीबाई म्हणून ओळखल्या गेल्या. नवे जोडपे मुरूडला गेले तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या गावाला बालपणी वृत्तपत्र वाचून दाखविले, त्याच गावाने पाठ फिरविली. कर्व्यांनी गावाशी वाद घातला नाही आणि गावावरचा लोभही कमी केला नाही.

साताऱ्यात दिसलेला हा स्वभाव पुढे संस्थांच्या उभारणीत उपयोगी पडला. १८९६ साली पुण्यात त्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला, तो विधवांच्या शिक्षणासाठी. १९०० साली आश्रम शहराबाहेर हिंगण्यास हलला. आता कर्वेनगर म्हणून गजबजलेला तो भाग तेव्हा माळरान होता. महाविद्यालयातील तास संपले, की हे प्राध्यापक पायी हिंगण्यास जात आणि सकाळी पुन्हा पायी पुण्यास येत. पावसाळ्यात चिखल तुडवावा लागे. सुट्टीत गावोगाव फिरून ते वर्गणी गोळा करीत. घाट चढून गेलेले पाय आता माळरानाला सरावले होते.

या चिकाटीची किंमत घरालाही मोजावी लागली, हेही नोंदवायला हवे. संस्थेच्या व्यापात संसाराची झालेली ओढाताण आनंदीबाईंनी माझे पुराण या आत्मचरित्रात मोकळेपणाने मांडली आहे. आश्रमावर लोकांचा विश्वास बसावा म्हणून कर्व्यांनी पुनर्विवाहाच्या चळवळीपासून स्वतःला दूर ठेवले आणि त्याबद्दल सुधारकांचाही रोष ओढवून घेतला. ती तडजोड योग्य होती की नाही, यावर मतभेद होऊ शकतात. समोर दिसणारे पहिले पाऊल टाकायचे आणि मग दुसऱ्याचा विचार करायचा, ही मात्र त्यांची कायमची रीत होती.

महिला विद्यापीठाची कल्पनाही अशीच आली. काशीहून एका स्नेह्याने जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका पाठविली होती. प्रथम ती तशीच बाजूला पडली. पुढे सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदाचे भाषण तयार करताना त्यांनी ती पुन्हा हाती घेतली आणि १९१६ साली हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या विद्यार्थिनींसह विद्यापीठ सुरू झाले. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिल्यावर १९२० मध्ये त्याला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव देण्यात आले. चारचौघांत बोलण्यास बिचकणारा मुरूडचा मुलगा १९२९ साली, वयाच्या ७१ व्या वर्षी, विद्यापीठाची माहिती सांगत युरोप, अमेरिका व जपान फिरून आला.

बहुतेक चरित्रे येथे वेग घेतात आणि थेट १९५८ सालच्या भारतरत्नावर येऊन थांबतात. मधले एक काम त्यामुळे निसटते. १९३६ साली, ७८ व्या वर्षी, कर्व्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. शाळा नसलेल्या खेड्यांत प्राथमिक शाळा काढणे हा त्याचा हेतू होता. विद्यापीठाचे संस्थापक त्यासाठी वर्गणी मागत पुन्हा घरोघर, पायी हिंडू लागले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षी, त्यांचे पुण्यात निधन झाले.