शल्याचार्य सुश्रुत

काशीच्या दिवोदास धन्वंतरींचे शिष्य अशी सुश्रुतांची ओळख परंपरा सांगते. त्यांच्या नावाची संहिता मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १९३८ साली डल्हणाच्या टीकेसह छापली. मी संस्कृतचा विद्यार्थी. तिच्यातले नेत्ररोगाचे प्रकरण गरजेपोटी वाचले. मुलुंडच्या मिठागरात उन्हात राबलेल्या माझ्या वडिलांच्या डोळ्यात मांस वाढून बुबुळावर येत आहे.

सुश्रुत याला अर्म म्हणतात. डोळ्यात सैंधवाची पूड घालून मांस सैल करावे, रोग्याने बाहेरच्या कोपऱ्याकडे पाहावे, वैद्याने आकड्याने मांस उचलून मंडलाग्र शस्त्राने कापावे. नाकाकडचा कोपरा मात्र जपावा. उरलेले मांस लेखन अंजनाने झिजवावे.

नुसते कापलेले मांस पुष्कळदा पुन्हा वाढते. म्हणून आजचे डॉक्टर त्याच डोळ्यावरच्या पातळ आवरणाचा तुकडा तिथे बसवतात. ही पद्धत अमेरिकेतील केनियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली मांडली. सुश्रुतांजवळ हा उपाय नव्हता. पण शिष्याने रोग्याला हात लावण्यापूर्वी भोपळ्या-काकडीवर कापण्याचा सराव करावा, हा त्यांचा दंडक होता.

शाळेत न गेलेल्या वडिलांना मी हे सारे समजावून सांगितले. शस्त्राचे नाव काढताच उठून जाणारे वडील भोपळ्याची गोष्ट संपेपर्यंत बसून राहिले. आता ते डॉक्टरांकडे यायला तयार आहेत.