विश्लेषण : प्रेमकथेच्या आडून स्वातंत्र्याची हाक... ‘रणदुंदुभि’कार वीर वामनराव जोशी यांच्या नाटकांचा परिणाम एवढा का झाला?

राजकीय उलथापालथ आणि तिच्यात सापडलेले प्रेमी जीव, हा चित्रपटांचा हमखास विषय. असा चित्रपट आला की ही मुळात प्रेमकथा आहे की राजकीय भाष्य, यावर प्रेक्षकांत वाद रंगतात. शंभर वर्षांपूर्वी महाराष्ट्रात हे काम संगीत नाटक करत होते आणि त्यातले एक ठळक नाव वऱ्हाडातले होते. अमरावतीचे वीर वामनराव जोशी. त्यांची पदे अजून गायिली जातात, पण ती लिहिणारा माणूस मात्र बराचसा विस्मरणात गेला आहे.

वीर वामनराव जोशी कोण होते?

वामन गोपाळ जोशी यांचा जन्म १८ मार्च १८८१ रोजी अमरावतीत झाला. वऱ्हाड तेव्हा कापसाच्या बाजारासाठी प्रसिद्ध होता. हा मुलूख निजामाचा, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांच्या हाती होता. डिसेंबर १८९७ मध्ये सी. शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीत भरले, तेव्हा वामनराव सोळा वर्षांचे होते. लोकमान्य टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या शिक्षेमुळे तुरुंगात होते आणि टिळकांचे निकटचे सहकारी दादासाहेब खापर्डे हे अमरावतीतले मोठे प्रस्थ होते. अशा गावात वाढलेला मुलगा टिळकपंथी झाला, यात नवल नाही.

पुढे वामनराव पत्रकार झाले. ‘स्वतंत्र हिंदुस्थान’ हे साप्ताहिक त्यांनी चालवले. मात्र त्यांच्या नावामुळे आजही घोळ होतो. ‘रागिणी’ ही कादंबरी लिहिणारे वामन मल्हार जोशी वेगळे. तेही ‘विश्ववृत्त’ मासिकाच्या खटल्यात तुरुंगात गेले होते. त्यामुळे साहित्यिक, देशभक्त आणि तुरुंगवास भोगलेले वामनराव जोशी म्हटले की दोघांची गल्लत होते. अमरावतीच्या वामनरावांना लोकांनी दिलेली ‘वीर’ ही उपाधी निदान ओळख पटवायला तरी उपयोगी पडते.

नाटकांवर सरकारची नजर का होती?

ब्रिटिश सरकारने १८७६ मध्ये नाट्यप्रयोग कायदा केला. सरकारविषयी अप्रीती पसरवणारे, बदनामीकारक किंवा अनीतीला उत्तेजन देणारे नाटक बंद करण्याचा अधिकार त्याने मिळाला. महाराष्ट्रात या कायद्याची खरी धग जाणवली ती कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’मुळे. १९०७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकाची कथा महाभारतातली होती. पण कीचकात लॉर्ड कर्झन, द्रौपदीत पिचलेला देश आणि भीमात जहाल पक्ष पाहायला प्रेक्षकांना कोणी शिकवावे लागले नाही. सरकारलाही ते उमगले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

त्याच्या थोडेच आधी, २१ डिसेंबर १९०९ रोजी, नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा वध झाला. तोही नाट्यगृहात, ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला ते आले असताना. नाट्यगृह हे केवळ करमणुकीचे ठिकाण आहे, असे मानायला त्यानंतर सरकार तयार नव्हते. पुढच्या नाटककारांसाठी यातून एक धडा निघाला. ज्या रूपकातले प्रत्येक पात्र बोट ठेवून ओळखता येते, ते सरकारलाही ओळखता येते.

प्रेमकथेचा मार्ग कसा सापडला?

वामनरावांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ हे नाटक १९१३ मध्ये ललितकलादर्श मंडळीने रंगभूमीवर आणले. केशवराव भोसले यांनी १९०८ मध्ये हुबळीत स्थापन केलेली ही कंपनी. नाटकातली मृणालिनी ही नायिका केशवरावांनीच रंगवली आणि ती त्यांच्या गाजलेल्या भूमिकांपैकी एक ठरली. पुरुष नटांनी स्त्रीभूमिका करण्याचा तो काळ होता.

कथा कल्पित राजघराण्याची. त्यात सत्तेची हाव आहे, त्या हावेपायी होणारा छळ आहे आणि त्या छळातही न मोडणारी निष्ठा आहे. पुराणातला किंवा इतिहासातला आधार नसल्यामुळे कोणते पात्र म्हणजे कोणता अधिकारी, असे नेमके सांगता येत नाही. प्रेक्षक नायक-नायिकेच्या ताटातुटीत गुंततो आणि अन्यायी सत्तेचा राग त्याच्या मनात आपोआप साठत जातो. हा राग कोणावर काढायचा, हे नाटक सांगत नाही. ते प्रेक्षकावर सोडलेले असते.

तेच विचार व्यासपीठावरून मांडले तेव्हा काय झाले?

तिथे कल्पित राज्याचा आडोसा नव्हता. असहकार चळवळीच्या काळात वामनरावांची भाषणे वऱ्हाडात गाजू लागली आणि त्याबद्दल त्यांना तुरुंगवास भोगावा लागला. दोन कायद्यांतला फरक इथे लक्षात घेण्याजोगा आहे. बंदी असलेल्या नाटकाचा प्रयोग करणाऱ्याला नाट्यप्रयोग कायद्याखाली जास्तीत जास्त तीन महिन्यांची कैद होती. राजद्रोहाच्या १२४ अ कलमाखाली मात्र शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकत होती.

म्हणजे एकच माणूस रंगमंचासाठी लिहितो तेव्हा त्याला टाळ्या मिळतात आणि चौकात उभा राहून बोलतो तेव्हा बेड्या पडतात. वामनरावांनी दोन्ही केले. नाटकाचा आडोसा सापडला म्हणून त्यांनी व्यासपीठ सोडले नाही, हे त्यांच्या आयुष्याचे वेगळेपण.

‘रणदुंदुभि’ एवढे का गाजले?

‘रणदुंदुभि’ १९२७ मध्ये बळवंत संगीत मंडळीने सादर केले. दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी १९१८ मध्ये काढलेली ही कंपनी. राम गणेश गडकरी यांच्या ‘भावबंधन’ने तिला नाव मिळवून दिले होते, पण ते नाटक रंगभूमीवर येण्याआधीच, जानेवारी १९१९ मध्ये, गडकरी विदर्भातल्याच सावनेर येथे निवर्तले. कंपनीला नव्या दमाच्या नाटककाराची गरज होती.

नाटकाची पदे स्वतः वामनरावांनी लिहिली, चाली रामकृष्णबुवा वझे यांच्या आणि तेजस्विनी या नायिकेच्या भूमिकेत दीनानाथ. पारतंत्र्याच्या फासात अडकलेल्या जिवाची तगमग सांगणारे पद त्यातलेच. कथेच्या ओघात ते एका पात्राचे दुःख असते. पण परवशता, पाश, मुक्ती हे शब्द प्रेमाच्या भाषेत जेवढे बसतात तेवढेच देशाच्या भाषेतही बसतात. दीनानाथांच्या चपळ तानांनी त्या शब्दांना आणखी धार चढवली. प्रेक्षक वन्स मोअर देतो तेव्हा तो गाण्याला दाद देतो की अर्थाला, हे पोलिसांच्या अहवालात लिहिणे कठीण. नाटकाची ताकद नेमकी या फटीत होती.

ब्रिटिश अमदानीतच ही पदे ध्वनिमुद्रिकांवर आली आणि ज्यांनी नाटक पाहिले नव्हते त्यांच्याही कानी पोहोचली. हेच पद दीनानाथांनी सिमल्यात बड्या इंग्रज अधिकाऱ्यांसमोर गायिले, अशी हकीकत मंगेशकर कुटुंबाच्या आठवणींतून सांगितली जाते.

त्या काळात नाट्यगृह आणि राजकारण यांच्यात भिंत किती पातळ होती, याचे उदाहरण अमरावतीतच आहे. ‘रणदुंदुभि’च्याच वर्षी, नोव्हेंबर १९२७ मध्ये, अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावरची परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली शहरातल्या इंद्रभुवन थिएटरमध्ये भरली होती. म्हणजे स्वातंत्र्याची नाटके पाहणाऱ्या समाजाला त्याच्याच गावातून एक कठीण प्रश्न विचारला जात होता. परवशता फक्त परकीयांनी लादलेलीच असते का?

अकोल्याशी त्यांचा संबंध काय?

गांधीजींनी ६ एप्रिल १९३० रोजी दांडीला मीठ उचलले. वऱ्हाडात समुद्र नाही, मग कायदा मोडायचा कसा, असा प्रश्न होता. उत्तर पूर्णेच्या खोऱ्यात होते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या या खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणीच खारट. अकोला जिल्ह्यातल्या दहीहंडा येथे पूर्वी अशा पाण्यापासून मीठ निघत असे. एप्रिल १९३० मध्ये तिथेच मिठाचा सत्याग्रह झाला. तो उभा करणाऱ्या वऱ्हाडच्या पुढाऱ्यांत वामनराव आणि अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी होते. पुढे जुलैमध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. नाटकातला रणाचा नगारा वऱ्हाडात असा प्रत्यक्ष वाजला.

नाटके मागे का पडली?

‘रणदुंदुभि’नंतर वामनरावांनी ‘धर्मसिंहासन’ आणि ‘शीलसंन्यास’ ही नाटके लिहिली, पण काळ बदलत होता. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला आणि प्रेक्षक बोलपटाकडे वळला. बळवंत मंडळीनेही १९३४ मध्ये ‘कृष्णार्जुनयुद्ध’ हा बोलपट काढून पाहिला, पण कंपनी सावरली नाही.

दुसरे कारण नाटकांतच आहे. आडपडद्याने बोलणारे नाटक आडपडद्याची गरज असते तोवरच पेटते. १९४७ नंतर स्वातंत्र्य हा शब्द उघड उच्चारता येऊ लागला आणि कल्पित राजघराण्यांची ती भारदस्त भाषा जुनी वाटू लागली. पदे मात्र टिकली, कारण दीनानाथांची गायकी टिकली. अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरला जन्मलेल्या डॉ. वसंतराव देशपांडे यांनी ती पुढच्या पिढीपर्यंत नेली.

आज त्यांची आठवण कशासाठी?

वीर वामनराव जोशी यांचे ३ जून १९५६ रोजी निधन झाले. त्यानंतर पाच महिन्यांनी, १ नोव्हेंबरला, वऱ्हाड मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्यांच्या पदांना गायकाचे नाव चिकटले आणि लेखकाचे नाव गळाले. नाट्यसंगीताच्या मैफलीत हे बहुधा असेच घडते.

प्रेमकथेत राजकारण आणले की कोणी तरी नाराज होतेच, हे आजच्या चित्रपटांनाही ठाऊक आहे. वामनरावांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी होती. प्रेक्षकाच्या मनात जी ठिणगी पडावी म्हणून त्यांनी लिहिले, तिची किंमत त्यांनी प्रेक्षकाकडून मागितली नाही. नाटकाचा पडदा पडल्यावर ते स्वतः तुरुंगात जाऊन ती भरत राहिले.